जेवणाच्या डब्यातला कॉम्प्युटर

आमच्या लातूरच्या घरात संध्याकाळ कशी व्हायची ते आधी सांगते. आई देवापाशी दिवा लावायची. स्वयंपाकघरात खानावळीच्या पोरांसाठी येसराची आमटी उकळत असायची, तिचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि वरच्या खोल्यांतली पोरं ताटल्या वाजवत खाली उतरायची. त्याच वेळी अण्णा पायांत चपला सरकवून अंगणात जायचे. अंगणात आमची पांढरी गाडी उभी असायची, तोंड कायम फाटकाकडं, किल्ली कायम आत. अण्णा बसायचे, किल्ली फिरवायचे, गाडी पहिल्या झटक्यात चालू व्हायची. मग ते डोळे मिटून इंजिन ऐकत बसायचे. समाधान झालं की बंद करायचे, आत यायचे आणि म्हणायचे, "वाढा." त्या "वाढा"शिवाय आमच्याकडं एकाचंही पान वाढलं जात नसे, मग वर राहणारं ते हदगावचं खादाड पोरगं भुकेनं कितीही कळवळो. नवीन आलेल्या पोरांना हे फार चमत्कारिक वाटायचं. मला नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी बाप जेवणाआधी गाडी चालू करून बघतो.

भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. गणपती बुडवून लोक झोपले होते. लातुरात आमचं भाड्याचं घर हललं, फळीवरची भांडी खाली आली, आम्ही रस्त्यावर पळालो, एवढंच. पण औशाच्या पुढं, आमच्या गावात अण्णांची आई होती आणि थोरले भाऊ नाना होते. अण्णा उजाडायच्या आत स्टँडवर गेले. एसटी नाही, जीप नाही. ज्याच्याकडं गाडी होती त्याला आधी आपलं माणूस गाठायचं होतं, आणि त्याचं तरी काय चुकलं? अर्धा रस्ता कुणाच्या ट्रॅक्टरवर, अर्धा पायी असे अण्णा पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आजी केव्हाच गेली होती. नाना मात्र दुपारपर्यंत दगडमातीच्या खालून बोलत होते. शेजारी सांगत, "अण्णा आला का, असं इचारत व्हते." हे अण्णांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही एकदाच, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

त्यानंतर अण्णांनी दोन गोष्टी केल्या. एक, शिरूर अनंतपाळला जमिनीचा एक तुकडा घेऊन त्यावर पत्र्याचं शेड मारलं. "पत्रा अंगावर पडला तर माणूस उठून बसतं," असं म्हणायचे. आणि दुसरी, ही गाडी घेतली. ती लग्नकार्याला नव्हती, देवाला जायला नव्हती. माहूरला जायचं तर आम्ही एसटीनं जायचो आणि गाडी अंगणात उभी असायची. आई चिडून म्हणायची, "रेणुकामाय म्हणंल, दारात गाडी असून ही बया धक्के खात आली." अण्णा ऐकून घ्यायचे. गाडी जागेवर असली की त्यांना घरात, सिमेंटच्या छताखाली झोप लागायची. तशी लागायची म्हणजे काय, डोळा लागायचा. आता माझ्या दोन्ही पोरी मोठ्या झाल्या आणि त्यांची वाट बघत मी कोचावर बसून राहते, तेव्हा ती झोप मला कळते.

मी बारावीला आले तोवर लातूर क्लासचं गाव झालं होतं. ज्या भिंतीवर पूर्वी बी-बियाणांच्या जाहिराती असत तिथं पोरांचे फोटो आणि त्यांचे मार्क आले. गावोगावचे आईबाप पोरगं आणि गादीची वळकटी घेऊन उतरत आणि खोली शोधत फिरत. अण्णा शाळेत गणित शिकवायचे, सकाळी एका क्लासमध्येही जायचे, आणि आईची खानावळ अशी चालली होती की तिला मान वर करायला फुरसत नव्हती. मी बारावी दुसऱ्यांदा देत होते. मेडिकलला थोडक्यात हुकलेल्या पोरांची ती रिपीटर बॅच, आणि रिपीटर हा शब्द लातुरात आडनावासारखा चिकटायचा. "ही कोण? मनीषा रिपीटर." अस्सा राग यायचा ना! पण करायचं काय, मान खाली घालून बसायचं आणि बेडकाचं हृदय काढायचं.

आषाढात गाडीच्या टपावरचा कॅरिअर तुटला. कोपऱ्यावरच्या वेल्डरनं तो जागेवरच जोडून दिला, पण बॅटरीची तार न काढता. त्या संध्याकाळी अण्णांनी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन लागलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा. आतली आमटी आटत गेली आणि आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पुढं दोन-तीन मेकॅनिकांनी बघून एकच सांगितलं: वेल्डिंगच्या करंटनं गाडीचा कॉम्प्युटर जळाला. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची हे ठरवणारा तो डबा. आमचं मॉडेल बनायचं बंद झालेलं. नवीन डबा मागवता येईल, पण केव्हा येईल त्याचा भरवसा कुणीच देईना.

अण्णांनी त्या रात्रीपासून खाट अंगणात टाकली. पाऊस आला की अंगावर प्लॅस्टिकचा कागद ओढून घ्यायचे. वर्गात फळ्यापाशी उभे असताना त्यांचा डोळा लागला म्हणे, पोरं हसली. मग एके दिवशी जेवताना, अगदी मीठ मागावं तशा आवाजात ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत गाडी चालू झाली तर ठीक. नाही तर शिरूरला पत्र्यात राहायला जायचं. सगळ्यांनी." आईच्या हातातली पळी तशीच राहिली. शिरूरला जायचं म्हणजे खानावळ मोडायची, माझी दुसऱ्यांदाची बारावी अर्ध्यात बुडायची. "अहो, पोरीचं वर्ष हाय," आई म्हणाली. "पोरगी असली तर वर्ष," अण्णा म्हणाले.

अशा वेळी आईला एकच माणूस आठवायचा, तिचा नांदेडचा भाऊ. दिलीपमामा तिथं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. बोलायला लागला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद करायला लागावा, असा आवाज. तो आला, बॉनेट उघडलं, जळका डबा नाकाशी धरून हुंगला आणि म्हणाला, "दाजी, तुमचं इंजिन ठणठणीत हाय. नुसतं डोकं गेलंय. डोकं आपण करू."

"करू म्हणजे?"

"घरी करू."

"घरी लोणचं करतात, दिलीप," अण्णा म्हणाले आणि खाटेवर जाऊन आडवे झाले.

पण मामा थापा मारत नव्हता. नांदेडच्या सायबर कॅफेत बसून त्यानं काहीतरी हुडकून काढलं होतं. परदेशातल्या काही गाडीवेड्या लोकांनी असल्या कॉम्प्युटरचा सगळा नकाशा, त्याचा प्रोग्राम, पार्टांची यादी, सगळं इंटरनेटवर उघडं मांडून ठेवलं होतं. कुणीही बनवा, पाहिजे तसं बदला, अडलं तर विचारा, जमलं तर इतरांना सांगा. "आन् हे सगळं फुकट करून राहिले ते लोक!" मामा मला सांगत होता तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "मने, आपल्याकडं एक सर दुसऱ्या सराला आपल्या नोट्स दाखवत न्हाई, आन् हे बघ." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की दसऱ्याच्या आत काहीतरी होऊ शकतं, आणि मी बेडकाचं पुस्तक मिटलं.

नागपंचमीला मी नांदेडला गेले. क्लासमध्ये आईनं सांगितलं की मनीला टायफॉइड झालाय. आई खोटं बोलताना फार तपशिलात शिरायची, त्यामुळं नंतर कितीतरी दिवस बाई मला माझ्या आतड्याबद्दल विचारत होत्या. मामा हैदराबादेहून पार्ट घेऊन आला होता. न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या टबात तांब्याची पाटी रसायनात बुडवून आम्ही सर्किट कोरलं, त्यात मामीच्या नव्या फरशा कायमच्या पिवळ्या झाल्या आणि मामी दोन दिवस फक्त भिंतीशी बोलली. सोल्डरिंग मी केलं. मामाचा हात थरथरायचा, माझा नाही. पार्टाचा एकेक पाय पाटीत बसवायचा, तार टेकवायची, चांदीसारखा थेंब पसरला की फुंकर. मधेच लाइट जायची, मग इन्व्हर्टर लावायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला पाठ न करता काहीतरी येत होतं. आज माझ्या वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती मोबाइलकडं बघत "हो मॅडम" म्हणतात. असो.

पाटी तयार झाली, तिला कवच पाहिजे होतं. आईच्या खानावळीतला एक चपटा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा मी मागून घेतला. त्याला भोकं पाडून वायरींचे जोड बसवले. नवरात्र लागलं तसा मामा सुट्टी टाकून लातूरला आला, सोबत घरचा अख्खा कॉम्प्युटर, मॉनिटर आणि इन्व्हर्टर घेऊन. हे सगळं आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर बांधलं, कारण डब्यातल्या आकड्यांना हात लावायचा तर गाडी चालू असताना पडद्यावर बघावं लागतं. इंजिन किती वेगानं फिरतंय, हवेचा दाब किती, इंजिन किती तापलंय, हे सेन्सर सांगतात. आणि कोणत्या वेगाला, कोणत्या दाबाला किती पेट्रोल द्यायचं त्याचा एक मोठा तक्ता असतो, पाढ्यांसारखा. आमचा तक्ता फुकट मिळालेला, कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या माणसाच्या गाडीचा. पहिल्याच दिवशी गाडीनं सायलेन्सरमधून असा बार काढला की ओट्यावर जेवणारं हदगावचं पोरगं ताटासकट उठलं. पण दुसऱ्या दिवशी इंजिन लागलं. धडधडत, अडखळत, काळा धूर सोडत, पण लागलं. मी अंगणात नाचायचीच बाकी होते. अण्णा व्हरांड्यात पाठ करून उभे होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे ते इंजिन नाही."

मग आम्ही रोज निघायचो. मामा मागं पडद्यासमोर बसायचा आणि गाडी मी चालवायचे, कारण मामाला रस्ता आणि आकडे एकदम बघता येत नव्हते. लायसन नुकतंच हातात आलेलं. औसा रोडला सरळ जायचं, मामा ओरडायचा, "दाब! सोड! आता तसंच धर!" आणि रस्त्यावरचे लोक बघायचे की मॉनिटर घेऊन ही बाप-लेक कुठं चाललीत. एका विशिष्ट वेगाला इंजिन हटकून ठोकायचं, आतून कुणी हातोडी मारावी तसं. काही केल्या जाईना. एका दुपारी अण्णा कपडे वाळत घालायला आले आणि जाता जाता मागच्या काचेतून पडद्याकडं बघत थांबले.

"ही ओळ कोणी लिहिली?"

"मी."

"अठ्ठेचाळीस, मग एकोणपन्नास, मग एकदम चाळीस, मग पुन्हा एकावन्न? मधेच विहीर खणलीस काय? वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती."

त्या जागी मी पन्नास लिहिलं. ठोकणं गेलं. अण्णांनी ओला शर्ट खांद्यावर तसाच ठेवून उरलेला तक्ता तपासला, उभा आणि आडवा, पेपर तपासावा तसा. आणि अष्टमीच्या संध्याकाळी ते आपणहून गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात. डोळे मिटून बसले, बंद केली, आत आले. "वाढा." आईनं आमटी वाढताना तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं असेल, पण कुणाला खारट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा होते. आईची परात, अण्णांचा लाकडी कंपास, माझी पुस्तकं, गाडी. मामानं मोठ्या ऐटीत डबा गाडीतून सोडवून आणला आणि झाकण काढून पाटावर ठेवला. "अक्का, यालाबी लाव. हे माझं हत्यार हाय." आईनं मनापासून लावलं. पाणी शिंपडलं, ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. काय हात जोडले होते तिनं त्या डब्याला! आम्ही फूल आणि तांदूळ उचलले, फुंकर मारली, दुपारी डबा परत बसवला. सकाळच्या चकरेनं इंजिन गरम होतं, चटकन लागलं.

संध्याकाळी दिवा लागला. अण्णा बसले. किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला. एकदा, दोनदा, मग मला मोजायचं सुचेना. मामा बॉनेट उघडून काहीबाही हलवत होता, त्याचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. अण्णा उतरले. दार आपटलं नाही, काही नाही. "उद्या टेम्पो बोलावतो," म्हणाले. त्या दिवशी कुणीही "वाढा" म्हणालं नाही. आईनं पोरांना तसंच वाढलं आणि पोरं मुकाट्यानं जेवून वर गेली.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा घरातली पुस्तकं सुतळीनं बांधत होते आणि मामा आणि मी गाडीत घुसलो होतो. पडद्यावर इंजिनाचं तापमान आलं सत्तर अंश. "आता गं!" मामा म्हणाला. "सकाळच्या पारी सत्तर? चहा ठेवा की यावर!" हात लावला तर इंजिन दगडासारखं गार. म्हणजे डब्याला वाटत होतं इंजिन तापलंय, म्हणून तो गार इंजिनाला लागतं तेवढं जास्तीचं पेट्रोल देतच नव्हता. सेन्सर बिघडला असेल म्हणून त्याची तार काढून टाकली. आकडा तरी गरमच. तार नाही, सेन्सर नाही, आणि तरी डबा आपला गरम-गरम म्हणतोय! गडबड डब्याच्या आत होती. मी झाकण काढलं, पाटी उन्हाला तिरपी धरली. सेन्सरची तार जिथं येते त्या दोन पिनांच्या मधोमध, सोल्डरच्या कडेला, एक लालसर ओलसर रेघ होती. कालचं ओलं कुंकू, म्हणजे हळद, चुना आणि पाणी. तेवढ्यातून थोडा थोडा करंट झिरपत होता, आणि करंट वाढला म्हणजे इंजिन तापलं एवढंच डब्याला ठाऊक.

मी मान वर केली तर आई दारात उभी. तिला सांगावं लागलं नाही.

"माझ्या हातानं झालं व्हय?"

"मीच म्हणलो ना लाव म्हणून, अक्का," मामा म्हणाला. "दे गं मने फडकं, पुसून टाकू."

"पुसायचं न्हाई!" आई एवढ्यानं ओरडली की वरची पोरं कठड्यावर आली. कुंकू पुसायचं, तेही दसऱ्याला, तेही अण्णांच्या जिवाशी बांधलेल्या वस्तूवरचं, हे तिच्या कानांनाही चालणार नव्हतं. मामानं जीभ चावली. आई पुढं आली, माझ्या हातातून डबा घेतला. "धुवायचं असंल तर मी धुती." मामाकडं पाट्या साफ करायचं स्पिरिट होतं. जुन्या टूथब्रशनं, देवाचे टाक घासावेत तशी, ती एकेक पिन घासत राहिली, आणि ओठ सारखे हलत होते. मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, हळू, आई, हळू. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. पाटी उन्हात वाळवली, तोवर मामानं मागच्या सीटवरचा आपला कॉम्प्युटर, मॉनिटर सगळं सोडवून घरात नेलं, आणि तेवढ्यात फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

मी डबा घेऊन गाडीत पळाले. पुढच्या डाव्या सीटपुढं पाय दुमडून, डोकं डॅशबोर्डच्या खाली घालून मी वायरी जोडत होते. झाकण लावायला सवड नव्हती. बाहेर मामा टेम्पोवाल्याला बोलण्यात गुंतवत होता, पण तो घाईचा माणूस, त्याला सण होता. "घेऊ का मागं? घेऊ का?" आणि त्यानं टेम्पो गाडीच्या बाजूनं अंगणात मागं घेतला. नेमका तो ओट्याच्या भिंतीवर आदळला. भिंत हादरली, ओट्यावर रचलेली खानावळीची सगळी ताटं, वाट्या, पातेली खडखडत खाली आली.

लातूरबाहेरच्या माणसाला या आवाजाचं काही वाटणार नाही. आमच्याकडं भांडी एकदम खडखडली की पाय आपोआप दाराकडं धावतात, डोकं नंतर येतं. "भूकंप! भूकंप!" वरून कुणी ओरडलं. पोरं जिन्यावरून कोसळत आली. शेजारची माणसं, म्हातारी, लेकरं, सगळी गल्ली रस्त्यावर. मी डोकं बाहेर काढेपर्यंत मागचं दार उघडलं आणि अण्णांनी आईला आत ढकललं, तिच्या हातांना पुरणपोळीची कणीक तशीच होती. अण्णा पुढं बसले. त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

"दाजी! ओ दाजी! टेम्पो हाय वो, टेम्पो!" मामा हात हलवत धावत होता. आम्ही फाटकातून बाहेर पडलो होतो.

गांधी चौक मागं गेला तेव्हा मला बोलायला जमलं. "अण्णा, भूकंप नाही. टेम्पो लागला भिंतीला."

"ऐकलं मी."

"मग कुठं चाललोय?"

गाडी औसा रोडला लागली होती. उघडा डबा मी मांडीवर ओढणीत धरून बसले. त्याची ऊब वाढत वाढत चटका बसायला लागली, तरी मी सोडला नाही, कारण एका गतिरोधकावर वायर हलली आणि इंजिन क्षणभर गचकलं. अण्णांच्या हातांच्या शिरा ताठ झाल्या. मी जोड अंगठ्यानं दाबून धरला. मागून आई म्हणाली, "जरा दमानं, अहो." एवढंच. औसा आलं, गेलं. सोयाबीनच्या रिकाम्या रानांवर ऊन होतं. कुठं चाललोय ते मला कळलं होतं, आईला तर माझ्याही आधी. मला एकच धास्ती होती, माझा हा डबा वाटेत बंद पडला तर अण्णा याही वेळी पोचणार नाहीत. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि नंतर बाळंतपणातसुद्धा वाटली नाही.

आमचं जुनं गाव आता गाव राहिलेलं नाही. लोकांना नव्या जागी घरं बांधून दिली, जुन्या जागी दगडांचे ढीग आणि वेडी बाभळ. गाडीवाट संपली तिथं अण्णांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरले, काट्यांतून वाट काढत गेले आणि एका जोत्यापाशी थांबले. मला ते बाकीच्या दगडांसारखंच दिसत होतं. दारात उभं राहून हाक मारावी तशी त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "नाना! आलो रे!" आणि मग ते खाली बसले आणि रडले. हमसून हमसून, लहान पोरासारखे. मी माझ्या बापाला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मला धावत जावंसं वाटलं, पण आईनं कणकेच्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं. "बसू दे," म्हणाली. "लई दिवसाचं हाय."

उन्हं उतरल्यावर ते आले. किल्ली माझ्या हातात दिली. "तू घे," म्हणाले आणि मागं जाऊन आडवे झाले. आई पुढं आली आणि डबा तिनं मांडीवर घेतला. मी किल्ली फिरवली, लागलं. डांबरी रस्ता येईपर्यंत मागून घोरण्याचा आवाज यायला लागला. मी आरशात बघितलं. अण्णांचं तोंड उघडं, एक हात सीटवरून खाली लोंबत होता. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

लातुरात शिरलो तेव्हा लोक नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत फिरत होते. आमच्या गल्लीत आलो तर टेम्पो अजून दाराशी, मामा ओट्यावर टेम्पोवाल्याला आणि पोरांना पुरणपोळ्या वाढतोय. मी गाडी हळू केली.

"पुढं घे," आई कुजबुजली.

"अगं, पण घर..."

"इंजिन बंद झालं की उठतील. घे पुढं."

मी पुढं घेतली. अंबाजोगाई रोड, परत चौक, परत औसा रोडचं वळण. सिग्नलला कुणी ओळखीच्यानं काचेवर टकटक केली, "मास्तर, सोनं घ्या!" आईनं बोटभर काच खाली करून पान घेतलं आणि हातानंच जा म्हणून खुणावलं. दुसऱ्या फेरीला टेम्पो गेला होता. मामा रस्त्यात उभा राहून हात करत होता, आम्ही त्याच्याही पुढून गेलो. पेट्रोलचा काटा तळाला टेकला.

"पंपावर जावं लागेल," मी म्हणाले.

"पंपावर बंद करावी लागती ना?"

"हो."

"मग नको. चालंल तेवढी चालव."

मी चालवत राहिले. बार्शी रोडच्या उतारावर इंजिन एकदा गचकलं, पुन्हा गचकलं आणि बंद पडलं. गाडी आपल्या वजनानं थोडी पुढं गेली आणि एका लिंबाखाली थांबली. एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. आई आणि मी दोघी जणी अंग चोरून हळूहळू मागं वळलो.

अण्णा उठले नाहीत. त्यांनी झोपेतच कूस बदलली आणि परत घोरायला लागले.